शेतात फोटोशूटला पैसे घ्यायचे का? आणि घ्यायचे तर किती?



मागच्या व्हिडिओत शेतातल्या फोटोशूटचा विषय मी दोन मिनिटांत उरकला. "जागा आहे, लोक येतायत, मग पैसे घ्या की!" असं म्हणून पुढे गेलो. बोलायला सोपं असतं. करताना कुठे अडतं ते नंतर आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी मला फोनवर सव्वा तास सांगितलं. म्हणून आज जरा निवांत लिहितोय.

ताई वाई तालुक्यातल्या. घरची तीन एकर जमीन. अर्धा एकर झेंडू, एक एकर हळद, बाकी ऊस. बांधाला आंब्याची पाच-सहा जुनी झाडं, काळ्या दगडात बांधलेली विहीर, आणि विहिरीवर मोटेच्या काळातलं थारोळं अजून शाबूत. मिस्टर शिरवळला कंपनीत, त्यामुळे शेती बघतात सासरे आणि ताई. सासऱ्यांना सगळी वाडी आबा म्हणते.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा कॅमेरा घेऊन आला. "आबा, पाच मिनिटं फोटो काढू का?" आबा म्हणाले, काढ की. त्यानं ते फोटो इन्स्टाग्रामवर टाकले. पुढच्या रविवारी दुसरा आला, मग तिसरा. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तीन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. अकरा माणसं, एक ड्रोन. "पाच मिनिटं" म्हणून आले ते अंधार पडल्यावर गेले. नवरीनं ताईंच्या खोलीत तीनदा साड्या बदलल्या. अकरा जणांचा चहा झाला, तोही दोनदा. झेंडूच्या दोन सऱ्या तुडवल्या, आणि दसरा चार दिवसांवर, म्हणजे वर्षातला सगळ्यात महाग झेंडू. बांधावर चमकीचे कागद पडले ते महिनाभर निघत होते. आणि एकानं रंगीत धुराचं नळकांडं पेटवून, फोटो झाल्यावर उसाच्या कडेला फेकलं. तिथे सुकलेलं पाचट. ताईंचे मिस्टर सुट्टीला घरी होते, त्यांनी पळत जाऊन माती टाकली म्हणून निभावलं.

जाताना मंडळी काय म्हणाली? "थँक यू काका, लोकेशन एक नंबर आहे!"

तर ताईंचा प्रश्न सरळ होता. "सर, किती घेऊ?"

मी विचारलं, "ताई, आबांना विचारलंय का?"

फोनवर जरा वेळ कोणीच बोललं नाही.

आधी घरातलं

आबांचं म्हणणं असं, की रानात आलेल्या माणसाला आपण पाणी देतो, कणीस देतो, हुरडा असला तर हुरडा देतो. वाटेत उभं राहून पैसे मागायचे म्हणजे काय? लोक काय म्हणतील?

मंडळी, याला हसू नका. "जुन्या लोकांना धंदा कळत नाही" असं म्हणून तर मुळीच मोडीत काढू नका. खेड्यात तुमची पत हेच तुमचं भांडवल असतं, आणि आबा ती पत सांभाळत होते. शिवाय घरातला कर्ता माणूस मनातून तयार नसेल तर काय होतं? तुम्ही फोनवर २,५०० ठरवता, फोटोग्राफर आल्यावर आबा म्हणतात "असू दे, पोरं आहेत, ५०० द्या." संपलं. पुढच्या प्रत्येकाला तुमचा दर ५०० झाला.

मी ताईंना म्हटलं, आबांशी वाद घालू नका, त्यांना हुरड्याचंच विचारा. पूर्वी हुरडा म्हणजे घरच्या पाहुण्यांना, मित्रांना बोलावून खाऊ घालायची गोष्ट. आज पुण्याच्या आसपास डिसेंबर-जानेवारीत माणशी दर लावून हुरडा पार्ट्या होतात. तिथे पैसे मागणाऱ्या शेतकऱ्याला कोणी कंजूष म्हणत नाही. कारण तिथे येणारा पाहुणा नसतो, गिऱ्हाईक असतो. आणि तुमच्या वाईचंच घ्या. मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'चं शूटिंग झालं. 'गंगाजल', 'दबंग' याच भागात झाले. सिनेमावाल्यांना जागा देताना पैशांचं बोलायचं असतं हे इथल्या लोकांना नवीन नाही. मग छोट्या कॅमेऱ्यालाच का लाजायचं?

फोटोग्राफरनं त्या जोडप्याकडून पॅकेजचे पैसे घेतलेले असतात. त्याच्या धंद्यात तुमचं रान हा कच्चा माल आहे. हलवायाला साखर फुकट मिळते का?

आबांना हे पटलं, पण त्यांनी एक अट घातली, आणि मला ती अट आपल्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा शहाणपणाची वाटली. वाडीतल्या कुठल्याही लेकीचं किंवा लेकाचं लग्न असेल तर एक रुपया घ्यायचा नाही. मी म्हटलं, उत्तम. पण ती अट दरपत्रकावर लिहा. "वाडीतल्या कुटुंबांना विनामूल्य, फक्त आधी वेळ ठरवून." लिहिलेलं असलं की तो तुमचा मोठेपणा. लिहिलेलं नसलं की शेजारच्या गावचा फोटोग्राफर म्हणतो, त्यांना फुकट दिलं, मग मला का नाही?

आता घरातली दुसरी गोष्ट, जी ताईंच्या लक्षातच आली नव्हती. सातबारा. त्यावर आबांचं आणि मुंबईतल्या त्यांच्या धाकट्या भावाचं, दोघांची नावं. वाटप तोंडी झालेलं, विहीर सामायिक. आज शूटिंगमधून काही येत नाही तोवर काका गप्प. उद्या इन्स्टाग्रामवर विहिरीचे फोटो फिरायला लागले की काका फोन करणारच, आणि त्यांचं चुकलंही म्हणता येणार नाही. विहीर त्यांचीही आहे.

म्हणून आधी फोन तुम्ही करा. ताईंनी केला. काका पहिल्यांदा म्हणाले, "रान भाड्यानं देताय काय?" दुसऱ्या वाक्याला म्हणाले, "माझं काय?" मग ठरलं: खर्च जाऊन जे उरेल त्यातला पाचवा हिस्सा विहीर आणि पाणंदीच्या दुरुस्तीला बाजूला, त्याचा हिशेब दिवाळीला दोघा भावांसमोर. काकांनी रोख वाटा मागितला नाही. तुमच्याकडे मागतील कदाचित. जे ठरेल ते एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून "मान्य" असं उत्तर तरी घ्या.

बांधाला लागून शेजाऱ्याचं रान असेल, पाणंद सामायिक असेल, तर त्यांनाही आधी सांगा. तीन गाड्या पाणंदीत उभ्या राहिल्या आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर अडला, की तुमचा धंदा तिथेच भांडणात गेला. आणि बांधावर म्हसोबा असेल तर तिथे चपला घालून, कुठल्याही पोझमध्ये फोटो नाही. हा नियम मी सांगायची गरज नाही, पण पाहुण्यांना सांगायची असते. त्यांना शेंदूर लावलेला दगड म्हणजे छान बॅकग्राउंड वाटतं.

तुम्ही विकताय काय?

बहुतेकांना वाटतं आपण देखावा विकतोय. देखावा तर पाणंदीवरूनही दिसतो, फुकट!

फोटोग्राफरला विचारा त्याची खरी अडचण काय असते. रविवारी मेणवलीच्या घाटावर गेलं तर फ्रेममध्ये दहा अनोळखी माणसं. कास पठारावर फुलांचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा, त्यात रोज ठरावीक संख्येलाच प्रवेश, ऑनलाइन बुकिंग, आणि फुलांत शिरायला बंदी. ती बंदी योग्यच आहे, लोकांनी तुडवून तुडवून ती वेळ आणली. रस्त्याकडेच्या कुठल्याही रानात शिरलं तर मालक काठी घेऊन येतो, आणि नवरीसमोर फोटोग्राफरची शोभा होते.

म्हणजे त्याला हवी असते खात्री. ठरलेल्या वेळेला ते रान फक्त त्याचं असेल, कोणी हाकलणार नाही, फ्रेममध्ये तिसरा माणूस येणार नाही.

आणि नवरीला काय हवं असतं? हे मला ताईंनी सांगितलं, मला सुचलं नव्हतं. कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली. उभ्यानं दिसेल एवढा आरसा. स्वच्छ संडास. बस्स. गाडीत पडदे लावून लेहंगा बदलायची वेळ आलेली मुलगी ती जागा आयुष्यभर विसरत नाही, आणि मैत्रिणींना सांगतेही. पैसे शेवटी त्या जोडप्याच्या खिशातून येतात. फोटोग्राफर "लोकेशनचे चार्जेस वेगळे" असंच सांगतो. त्यामुळे खोली आणि संडास हाच तुमचा माल आहे. झेंडू त्याच्यावरची सजावट समजा.

झेंडूवरून आठवलं. या धंद्यात एक गंमत आहे जी सहज लक्षात येत नाही. झेंडूला भाव दसरा-दिवाळीला. दिवाळी झाली की भाव असा कोसळतो की कित्येकदा तोडणीची मजुरीही सुटत नाही. फुलं झाडावरच वाळतात, नाहीतर लोक नांगर घालतात. आणि लग्नाचे मुहूर्त कधी सुरू होतात? तुळशीच्या लग्नानंतर! म्हणजे ज्या आठवड्यात तुमच्या फुलाला बाजारात किंमत राहत नाही, नेमकं त्याच आठवड्यात फोटोवाल्यांना ते फूल हवं असतं. म्हणून ताईंना मी सांगितलं, दिवाळीपर्यंत झेंडूत एकही पाऊल पडू द्यायचं नाही. कोणी कितीही देऊ दे. विहीर, आंबे, पाणंद एवढंच खुलं. दिवाळीची शेवटची तोडणी झाली की एक पट्टा राखायचा, त्याला पाणी चालू ठेवायचं. पुढच्या वर्षी थोडी रोपं तीन-चार आठवडे उशिरा लावली तर बहर आणखी पुढे जाईल.

हळदीचंही तसंच. तिची मोठी हिरवी पानं पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे देखणी दिसतात, पुढे पिवळी पडून वाळायला लागतात. हळदीच्या समारंभाचे फोटो हळदीच्या रानात, ही कल्पना ताईंची. फोटोग्राफर मंडळींनी उचलून धरली. फक्त सऱ्यांमधून चालायचं, वरंब्यावर पाय नाही. वरंब्यात गड्डे पोसत असतात.

आता पैशांचं

वही-पेन घ्या. हे आकडे ताईंच्या घरचे आहेत, तुमचे वेगळे येतील. पद्धत बघा.

हिवाळ्यात फोटोला चांगला उजेड दिवसातून दोनदाच. सकाळी साधारण सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेतीन ते सहा. दुपारी कोणी येत नाही, चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. म्हणजे दिवसाला दोनच वेळा विकायला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मिळून १७ आठवडे, शनिवार-रविवार धरले तर ३४ दिवस, म्हणजे ६८ वेळा. सगळ्या भरतील असं धरणारा माणूस दिवाळखोर होतो. तिसरा हिस्सा धरा. २२.

एका वेळेचा खर्च किती? घरचा एक माणूस तीन तास तिथे थांबणार, त्याचे २५० रुपये. "घरचाच माणूस, त्याला कसले पैसे?" असं म्हणू नका. तो तेवढा वेळ रानात काम करत नाहीये. खोली आणि संडास सफाई १५०. पाणी, लाइट, चहा २००. पिकाच्या नुकसानीसाठी बाजूला २००. झाले ८००.

एकदाचा खर्च: संडास-बाथरूमची दुरुस्ती आणि फरशी २२,०००. आरसा, कडी, पंखा, दिवे, कपडे अडकवायची सोय ७,०००. विहिरीच्या उघड्या बाजूला जाळी ४,०००. पाट्या आणि कचऱ्याचे डबे २,०००. एकूण ३५,०००.

ताईंच्या मनात दर होता १,५०० रुपये. २२ वेळांचे ३३,००० येणार, त्यातून रोजचा खर्च २२ गुणिले ८०० म्हणजे १७,६०० जाणार, उरले १५,४००. पण घातलेत ३५,०००. पहिल्या वर्षी १९,६०० अंगावर!

२,५०० लावले तर? ५५,००० आले, १७,६०० गेले, ३७,४०० उरले. ३५,००० वजा केले की पहिल्या वर्षी हातात २,४०० रुपये. दुसऱ्या वर्षापासून ३७,४००, तेही सगळं जसंच्या तसं चाललं तर.

हा आकडा ऐकून ताई म्हणाल्या, "एवढंच?" हो ताई, एवढंच. म्हणूनच व्हिडिओतलं माझं दोन मिनिटांचं बोलणं चुकीचं होतं. हा घर चालवणारा धंदा नाही, शेतीला लागणारा जोड आहे. वर्षाची खताची सोय झाली, मुलीची फी निघाली, असा.

आता हेच ४,००० लावून बघा. समजा महाग वाटून निम्मे लोक गळाले, २२ चे १२ राहिले. ४८,००० आले. खर्च १२ गुणिले ८००, म्हणजे ९,६००. उरले ३८,४००. म्हणजे जवळपास निम्म्या वेळा दार उघडून हजार रुपये जास्तच! रानात पावलं कमी, आबांची चिडचिड कमी, रविवार मोकळे. माझं मत ४,००० कडे होतं. ताईंना धीर झाला नाही, त्यांनी शनिवार-रविवार ३,००० आणि इतर दिवशी २,००० ठरवले. त्यांचं गाव, त्यांचा निर्णय. पण एक गोष्ट मी कबूल करून घेतली: सलग चार रविवार भरले की दर वाढवायचा, आणि तो पुढच्या बुकिंगपासून. आधी शब्द दिलेल्यांना जुनाच दर.

दर लावायचा तो वेळेवर, अडीच तास, जास्तीत जास्त सहा माणसांना. डोक्यावर दर लावाल तर माणसं मोजत बसाल. फोटोवर दर लावाल तर हसं होईल. सहाच्या वर माणसं आली तर माणशी २००, आणि वेळ वाढवायची असेल तर पुढे दुसरं बुकिंग नसेल तरच.

कपड्यांच्या ब्रँडची जाहिरात, अल्बमचं गाणं, वेब सिरीज आली तर हे दरपत्रक लागूच नाही. त्यांच्याकडे जनरेटर असतो, टेम्पो असतो, तीस-चाळीस माणसं असतात. त्यांचा दर पूर्ण दिवसाचा, लेखी पत्र घेऊन, अनामत वेगळी. त्यावर पुन्हा कधीतरी.

एक प्रश्न हमखास येणार आहे, तयार राहा. फोटोग्राफर बाजूला घेऊन म्हणेल, "ताई, क्लायंटला ४,००० सांगा, हजार मला." करू नका. नवरीकडची मंडळी तुमचा खरा दर कुठून तरी ऐकतातच, आणि मग खोटे ठरता तुम्ही. त्याला सांगा, दर एकच, पण वर्षात पाच वेळा आलात तर सहावं अर्ध्या पैशात. तो सूट क्लायंटला देवो नाहीतर स्वतः ठेवो. फोटोग्राफरला मात्र जपा. जोडपं तुमच्याकडे एकदाच येणार, तो वीसदा येऊ शकतो.

आणि फक्त लग्नावर अवलंबून राहू नका. डोहाळजेवणाचे फोटो, बाळाचा पहिला वाढदिवस, संक्रांतीनंतरचं बोरन्हाण, आजी-आजोबांची पंच्याहत्तरी. ही मंडळी साध्या दिवशीही येतात. गरोदर बाईसाठी मात्र वाट सपाट हवी, सावलीत खुर्ची हवी, संडास जवळ हवा. त्यांना सऱ्यांमधून चालवू नका.

खर्चाबद्दल एक कळकळीची विनंती. प्लॅस्टिकच्या फुलांचा झोपाळा, लाल टेलिफोन बूथ, पुठ्ठ्याचा आयफेल टॉवर यावर एक रुपया घालू नका. ते शहराजवळच्या तयार सेटवर असतं, आणि तिथे ते तुमच्यापेक्षा चांगलं असतं. तुमच्याकडे थारोळं आहे. ते कोणी पुठ्ठ्यात करून दाखवावं!

नियम, आणि त्यांची कारणं

धुराची नळकांडी, फटाके, उडते आकाशकंदील पूर्ण बंद. पाचट, वाळलेलं गवत, कडब्याची गंजी यांना एक ठिणगी पुरते, आणि आग शेजाऱ्याच्या उसात गेली तर ३,००० रुपयांत काय भरून देणार आहात? या एका नियमावर सूट नाही. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

विहिरीच्या कठड्यावर बसून फोटो नाही. थारोळ्यावर चालेल, तेही जाळी लावलेल्या बाजूला, घरचा माणूस हजर असताना. साडीत पाय अडकतो हो.

ड्रोन आणणार असतील तर आधी सांगायला हवं. देशात २०२१ पासून ड्रोनचे नियम लागू आहेत, कुठे उडवायला परवानगी लागते ते सरकारी नकाशावर दिसतं. ड्रोनची नोंदणी आणि परवानगी ही उडवणाऱ्याची जबाबदारी, असं बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहा. आणि सरकारी नियमात नसलेली एक गोष्ट: आंब्याला आग्या मोहोळ बसलं असेल तर त्या बाजूला ड्रोन नाही, म्हणजे नाही. मोहोळ उठलं तर पळायला जागा राहत नाही.

फवारणी. हा नियम लोकांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. शुक्रवारी औषध मारायचं आणि शनिवारी नवरीला त्याच फुलांत बसवायचं, असं चालणार नाही. भिंतीवरच्या एकाच कॅलेंडरवर फवारणी आणि बुकिंग दोन्ही लिहा. औषधाच्या लेबलवर शिरू नये म्हणून जेवढी मुदत दिलीय ती संपल्याशिवाय त्या पट्ट्यात कोणाला सोडू नका, आणि मी म्हणेन वर आणखी दोन दिवस धरा. हातात फुलं घेतात, नाकाला लावतात, लहान मूल तर तोंडात घालतं.

पाण्याची पाळीही त्याच कॅलेंडरवर. शेतीची लाइट कुठल्या आठवड्यात दिवसा आणि कुठल्या आठवड्यात रात्री हे तुम्हाला माहीत असतं. दिवसा लाइट असलेल्या आठवड्यात पाणी सोडून ठेवलं आणि वाफसा यायच्या आत सात-आठ माणसं त्यातून चालली, की माती घट्ट बसते आणि पाहुण्यांचे बूटही जातात. दोघांचंही नुकसान.

कचरा परत न्यायचा. अनामत १,००० रुपये, जाताना रान बघून परत. पहिल्या महिन्यात ताईंनी दोघांची अनामत कापली. तिसऱ्यापासून कोणी कागद टाकला नाही.

सरकारदरबारी

थोडक्यात सांगतो. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, हे खरं. पण फोटोशूटला जागा देऊन आलेले पैसे शेतीचं उत्पन्न नाही, जमीन शेतीची असली तरी. ते इतर उत्पन्नात धरून रिटर्नमध्ये दाखवायचे. रक्कम छोटी असेल तर कर बसणारही नाही, पण नोंद ठेवा आणि एकदा सीएला विचारा. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर. तिथे पोचलात तर मला जेवायला बोलवा.

पुढे राहायची-जेवायची सोय करायचा विचार असेल तर महाराष्ट्राचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण बघा, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. आणि शेतात काहीही पक्कं बांधायच्या आधी तलाठ्यांकडे आणि तहसील कार्यालयात विचारा. आधी बांधून मग विचारणं महागात पडतं.

बुकिंगचा मेसेज

फोनवर ठरलेलं सगळं दुसऱ्या दिवशी विसरलं जातं. म्हणून ताईंनी आणि मी मिळून हा मेसेज केला. उचला, आपल्या गावाप्रमाणे बदला:

"नमस्कार. आपलं शूट दिनांक ____, वेळ दुपारी ३.३० ते ६. जास्तीत जास्त ६ व्यक्ती. शुल्क ३,००० रुपये, अनामत १,००० रुपये. निम्मं शुल्क आज, बाकी आल्यावर. तारीख एकदा बदलता येईल, दोन दिवस आधी कळवल्यास. पाऊस आल्यास दुसरी तारीख देऊ. कपडे बदलायला खोली आणि स्वच्छतागृह आहे. झेंडूत फक्त दोरी लावलेल्या वाटेनं जावं. धूर, फटाके, चमकीचे कागद चालणार नाहीत. विहिरीजवळ घरच्या माणसाशिवाय जाऊ नये. ड्रोन असल्यास आधी कळवावं, परवानगीची जबाबदारी आपली. फवारणी किंवा पाणी असल्यास एखादा भाग बंद असू शकतो, तसं आदल्या दिवशी कळवू. वाडीतल्या कुटुंबांना शुल्क नाही."

पैसे आल्याशिवाय तारीख राखून ठेवू नका. "उद्या पाठवतो" म्हणणाऱ्याला हसून सांगा, उद्या पाठवा, उद्या तारीख लिहू.

ताईंचे पहिल्या हंगामात १९ शूट झाले, २२ नाही. त्यातले चार वाडीतल्यांचे, फुकट. पैशाचे १५. त्यामुळे संडासाचा खर्च अजून पूर्ण निघालेला नाही, पुढच्या डिसेंबरात निघेल. दुपारी साडेतीनला दोरी लावायला आता आबा स्वतः जातात, आणि सहाला दहा मिनिटं कमी असताना पाणंदीत उभं राहून मोठ्यानं खाकरतात. ताई म्हणतात, कुठल्याही पाटीपेक्षा ते लवकर कळतं.